अकरा ते चारचा वारा

ईशा आणि निखिल,

परवा निखिल मला फोनवर समजावून सांगत होता, की समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर जे गोल्फ खेळतात त्याला लिंक्स म्हणतात. तिथे झाडं नसतात, जमीन जशी असेल तशीच ठेवतात, आणि खरी झुंज समोरच्या माणसाशी नसून वाऱ्याशी असते. मी नुसतं "हो का, हो का" करत होते. शेवटी तो म्हणाला, "आजी, बोअर होतंय का गं?" बोअर होत नव्हतं. मला एका माणसाची आठवण आली होती आणि ती फोनवर सांगण्याजोगी नव्हती. त्या रात्रीपासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तुम्हाला माझं कपाट माहीत आहे. तुमच्या आजोबांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांपासून तुमच्या वाढदिवसाच्या कार्डांपर्यंत सगळ्याला फाइल आहे. या माणसाची मात्र फाइल नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्यांचं नाव कुडतरकर. ऐंशीच्या दशकात मी ठाण्याला नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघत असे, आणि कुडतरकर तिथे ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढणारे. तेव्हा नकाशे हाताने काढत. दुधी ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने रेघा ओढायच्या आणि चूक झाली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची. कुडतरकरांच्या खिशात कागदात गुंडाळलेली अशी चार-पाच अर्धी ब्लेडं कायम असत, त्यामुळे त्यांना कुणी गर्दीत खेटून उभं राहत नसे. अंगाने काटकुळे, पंचेचाळिशीचे, डिग्री नाही. डोंबिवलीला मानपाडा रोडवर दोन खोल्यांत म्हाताऱ्या आईबरोबर राहत. लग्न केलेलं नव्हतं. का, असं एकदा कुणी विचारलं तर म्हणाले, "बघून सांगतो."

"बघून सांगतो" हे त्यांचं सगळ्याच गोष्टींना उत्तर होतं. पाऊस थांबला का? बघून सांगतो. चहा आला का? बघून सांगतो. आणि खरंच उठून बघायला जात. एका इमारतीच्या जिन्याला पायऱ्या अठरा की एकोणीस, असं साहेबांनी विचारलं तेव्हा नकाशा त्यांच्या पुढ्यात उघडा होता. त्यावर अठरा लिहिलेल्या होत्या, त्यांच्याच हाताने. तरी छत्री घेऊन बाहेर पडले, दीड तासाने आले आणि म्हणाले, "एकोणीस. गवंड्याने एक वाढवली आहे." साहेब डोक्याला हात लावून बसले.

त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे सतत काहीतरी उडत असणं. ते बसून नकाशा काढत नसत, उभ्याने काढत, आणि त्यांना खिडकी उघडी लागे. माझे कागद उडत. मी टेबलावर पेपरवेट मांडून ठेवायची, ते दर अर्ध्या तासाला येऊन खिडकी उघडायचे, मी लावायची.

"बाई, हवा येऊ द्या हो."

"हवा नको आहे असं नाही, कुडतरकर. माझी पत्रं गावदेवीच्या मैदानात जायला नको आहेत."

"मग वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसा. टेबल फिरवा."

एका सोमवारी मी ऑफिसात आले तर माझं टेबल खरोखरच फिरवलेलं होतं. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पण कागद उडाले नाहीत, हेही लिहून ठेवते.

वाऱ्याचं हे वेड त्यांना मानपाड्याने लावलं होतं. तिथे जवळच कारखाने, आणि त्यांचा वास. एकदा मानपाड्याच्याच एका इमारतीचं काम आलं. सगळ्या बाल्कन्या रस्त्याच्या बाजूला काढलेल्या. कुडतरकरांनी बिल्डरला सांगितलं, इमारत उलटी फिरवा, वास या बाजूने येतो. बिल्डर हसला. "अहो, गिऱ्हाईक व्ह्यू बघतं, व्ह्यू!"

"बघतं डोळ्याने," कुडतरकर म्हणाले, "पण राहतं नाकाने."

इमारत फिरवली. पुढे तो बिल्डर स्वतःच त्या इमारतीत राहायला गेला. मानपाड्याचा वास दुपारी कुठे असतो, संध्याकाळी कुठे वळतो, पहाटे कसा घशात बसतो, हे सगळं कुडतरकरांना तोंडपाठ होतं, कारण ते तिथेच झोपत आणि तिथेच उठत.

मग शेठ आले. या शेठजींनी कल्याणला, टिटवाळ्याला पुष्कळ इमारती बांधल्या होत्या, आणि पालघरच्या पलीकडे अगदी समुद्राला लागून त्यांची मोठी जमीन होती. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. वाळूच्या टेकड्या, खारं गवत, एका टोकाला कोळ्यांची वस्ती. शेठ नुकतेच परदेशात जाऊन आले होते आणि तिथे त्यांनी एक लिंक्स बघितलं होतं. आता तसंच त्यांना इथे हवं होतं. सल्ल्याला त्यांनी एक निवृत्त कर्नल धरले होते. ते आयुष्यभर छावण्यांतून गोल्फ खेळलेले, मराठीचा गंध नाही. त्यांची पत्रं माझ्याकडे येत. मी त्यांचं मराठी करून कुडतरकरांना देत असे.

ऑफिसात कुणीही गोल्फचं मैदान पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी ते काम कुडतरकरांना दिलं ते मानपाड्याच्या इमारतीमुळे. म्हणाले, "वाऱ्याचं काम आहे, तुमचंच आहे. आणि यावर नाव तुमचं जाईल."

हे नाव काय प्रकरण होतं ते सांगते. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात कामाचं नाव, प्रमाण आणि रचना कोणाची ते लिहितात. 'रचना' या शब्दापुढे नेहमी साहेबांचं नाव. ड्राफ्ट्समनची फक्त आद्याक्षरं, तीही मुंगीएवढी. कुडतरकरांनी बावीस वर्षं ती मुंगी काढली होती. साहेबांचं बोलणं ऐकून ते खिडकीपाशी गेले. खिडकी उघडली आणि बराच वेळ बाहेर बघत उभे राहिले. मी त्या दिवशी खिडकी लावली नाही.

शेठजींनी पाठवलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी जेवणाच्या सुट्टीत वाचून सांगत असे. एका पुस्तकात होतं, की जुन्या काळी मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून टेकडीच्या कुशीत अंग घासत बसत, तिथे वाळूचे खड्डे पडले, आणि तेच पुढे खेळातले बंकर झाले. चेंडू त्यात पडला की खेळणारा अडकला.

"म्हणजे रचना मेंढ्यांची," कुडतरकर डबा बंद करत म्हणाले, "आणि चौकटीत नाव साहेबाचं."

त्यानंतर वर्षभर कुडतरकर दर रविवारी त्या जागेवर गेले. डोंबिवलीहून पहिल्या गाडीने दादर, तिथून पश्चिमेची गाडी, मग एसटी, मग वाळूतून दोन मैल पायी. पोचायला अकरा वाजत. परतीची एसटी चारला. ती चुकवून चालत नसे, कारण आई अंथरुणाला खिळलेली होती आणि रात्री तिला कुशीवर वळवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारीण दिवसा बघे, रात्री नाही.

त्यांनी टेकड्यांवर चाळीस बांबूच्या काठ्या रोवल्या आणि प्रत्येकीला लाल कापडाची पट्टी बांधली. दर रविवारी प्रत्येक काठीपाशी जाऊन पट्टी कुठे उडते, किती ताठ उडते, ते वहीत बाण काढून लिहायचं. सोमवारी ती वही माझ्यासमोर उघडत. नुसते बाण. सगळे समुद्राकडून जमिनीकडे. कधी थोडे तिरके, कधी लांब, कधी आखूड, पण जाणार जमिनीकडेच.

कोळीवाड्यातल्या हिराबाईंशी त्यांची ओळख झाली ती या काठ्यांमुळेच. हिराबाई टेकडीच्या पायथ्याशी बोंबील वाळत घालायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कंचा देव बसवताव, सायेब?" पुढच्या रविवारी सात नंबरच्या काठीपाशी हळदकुंकू आणि एक नारळ होता. कुडतरकरांनी तो नारळ तसाच ठेवला. सात नंबरची काठी पुढे नकाशाच्या आड आली, तर त्यांनी नकाशा थोडा सरकवला, काठी नाही. मी विचारलं, "तुमचा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?" तर म्हणाले, "माझा नाही. पण त्यांनी नारळ फोडला नाही ना, ठेवला. म्हणजे काय होतं याची वाट बघतायत."

वर्षाने नकाशा तयार झाला. मी शेकडो नकाशे पाहिले, पण तसा पाहिला नाही. एकही टेकडी कापली नव्हती. अठरा होलपैकी, म्हणजे चेंडू भोकात घालायच्या अठरा टप्प्यांपैकी, नऊ किनाऱ्याला धरून उत्तरेला जाणार आणि नऊ मागच्या अंगाने परत येणार. वारा समुद्राकडून, म्हणून मारलेला चेंडू जमिनीकडे सरकणार, म्हणून सगळे वाळूचे खड्डे जमिनीच्या बाजूला, अगदी तिथेच जिथे आळशी फटका येऊन पडेल. ज्याला वारा कळतो त्याने समुद्राच्या अंगाला नेम धरायचा आणि उरलेलं वाऱ्यावर सोडायचं. चौकटीत 'रचना' या शब्दापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, स्टेन्सिल लावून. त्या तेवढ्या कामाला त्यांना अख्खी दुपार लागली.

डिसेंबरात शेठजींनी सगळ्यांना जागेवर बोलावलं, दोन दिवसांसाठी. साहेब, कर्नल, कुडतरकर, आणि कर्नलशी बोलायला मी. आईजवळ राहायला कुडतरकरांची बहीण खडवलीहून आली होती. आम्ही मोटारीने संध्याकाळी उशिरा पोचलो आणि शेठजींच्या बंगल्यात मुक्काम केला. सकाळी उजेडाबरोबर नकाशा घेऊन सगळे टेकडीवर निघालो. मी अंगावर शाल घेतली होती, थंडी चांगलीच होती.

कुडतरकर सगळ्यांच्या पुढे होते. पहिल्या टेकडीवर चढले आणि थांबले. मी मागून पोचले तेव्हा ते काठ्यांकडे बघत होते. चाळीसच्या चाळीस लाल पट्ट्या समुद्राकडे उडत होत्या.

कर्नलना त्याचं काहीच वाटलं नाही. ते नकाशा उलगडून, खूश होऊन इंग्रजीत बोलत होते, की असं काम या देशात कुणी केलं असेल असं त्यांना वाटत नाही. शेठ हसत होते. साहेबही.

"बाई," कुडतरकर हळू आवाजात म्हणाले, "यांना विचारा, हे लोक खेळतात किती वाजता?"

मी विचारलं. कर्नल म्हणाले, "सहाला सुरू, साडेनऊला नाश्ता. त्यानंतर इथल्या उन्हात गाढवसुद्धा बाहेर पडायचं नाही."

तेवढ्यात हिराबाई पाटी घेऊन वर आल्या. "आज सकाळचंच आलाव, सायेब?"

"हिराबाई, हा वारा... हा असा रोज असतो?"

"रोजचाच. यो फाटंचा वारा, यो मतलई. दिस वर आला का पडतो, मंग तुमचा येतो, दर्यावरचा."

"मग मला वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलाव कवा?" हिराबाई म्हणाल्या. "तुमी येताव दुपारचं, काड्या बगताव, डबा खाताव, न् जाताव. आमाला वाटलं, तुमाला दुपारचाच वारा पायजे आसंल."

कुडतरकर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "चौथीचा भूगोल, बाई. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई वारे. मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतलं होतं."

बावन्न रविवार. आणि प्रत्येक रविवारी अकरा ते चार. शाळेतलं पोरही सांगेल अशी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती, कारण गाडी, एसटी आणि आईचं अंथरूण यांनी त्यांना दिवसाचा जेवढा तुकडा दिला होता, तोच त्यांनी पूर्ण दिवस धरला होता. आम्ही ठाण्या-डोंबिवलीची सगळी माणसं अशीच. गाडीच्या वेळेत बसलं तेवढंच जग. आणि माझ्या तरी वेळापत्रकात पहाट कुठे बसत होती?

खड्डे सगळे चुकीच्या बाजूला होते. सकाळी खेळणाऱ्याला ते मैदान पोरखेळ वाटलं असतं. पण हे त्या टेकडीवर फक्त कुडतरकरांना दिसत होतं आणि अर्धवट मला. कर्नल खूश होते. दहाच्या सुमारास वारा फिरणार होता आणि वहीतला बाण न् बाण खरा ठरणार होता. गप्प राहायला काहीच लागणार नव्हतं.

"शेठजी," ते म्हणाले, "हा नकाशा चुकला आहे."

"क्या हुआ? रेघ वाकडी आली?"

"रेघ सरळ आहे. वारा दुसरा आहे."

शेठजींना वाटलं गंमत चालली आहे. "अहो कुडतरकर, वारा कधी चुकतो काय?"

"तो नाही चुकला. मी चुकलो."

साहेबांनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं. मला ऐकू येत होतं. "वेड लागलंय का तुम्हाला? पसंत पडलंय त्यांना. कुणाला कळणार आहे?"

"सहाला खेळायला येईल त्याला कळेल, साहेब."

"त्याला वाटेल मैदान सोपं आहे. खूश होईल!"

"हो ना," कुडतरकर म्हणाले. "तेच."

त्यांनी शेठजींकडे एक हिवाळा मागितला. शेठ सभ्य माणूस, 'नाही' म्हणाले नाहीत. घड्याळाकडे बघून "नाश्ता करू या" म्हणाले.

ठाण्याला आल्यावर सोमवारी साहेबांनी सांगितलं, नकाशाच्या प्रती काढून शेठजींकडे पाठवा, आहे तसाच. मला वाटलं कुडतरकर भांडतील, निदान नकाशा दडवतील. त्यांनी ट्रेसिंग टेबलावर पसरलं, खिशातून अर्धं ब्लेड काढलं, आणि चौकटीतलं आपलं नाव खरवडायला घेतलं. एकेक अक्षर. आडवं ब्लेड धरून, कागद फाटू न देता, वरची शाई तेवढी. आधी आडनाव, मग वडिलांचं नाव, शेवटी स्वतःचं. काळा भुगा फुंकून टाकला. नंतर नखाने ती जागा घासून गुळगुळीत केली आणि ट्रेसिंग साहेबांपुढे नेऊन ठेवलं.

साहेब म्हणाले, "हे काय?"

"नकाशा ऑफिसचा आहे, साहेब. नाव माझं होतं."

'रचना' या शब्दापुढे काहीच नव्हतं. साहेबांना वाटलं असतं तर स्वतःचं नाव घालता आलं असतं. मी समोरच बसले होते. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. ते ट्रेसिंग दोन दिवस त्यांच्या टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि शेठजींना पत्र सांगितलं, की सहा महिन्यांची मुदत मिळावी. मी ते टाइप केलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या आनंदाने दुसरं पत्र टाइप केलं नसेल.

शेठजींनी मुदत दिली नाही, नाकारलीही नाही. मधल्या काळात त्यांना कळलं की गोल्फपेक्षा बंगल्यांचे प्लॉट सोपे जातात. तो विषय संपला. कुडतरकरांना कुणी नोकरीवरून काढलं नाही, पण नवीन काम त्यांच्याकडे येईनासं झालं. ते दुसऱ्यांच्या नकाशांवर आकडे घालत बसत. हो, आता बसत. खिडकी मीच उघडायची, तर ते "राहू द्या, बाई, कागद उडतील" म्हणायचे. मला ते सहन होत नसे. दोन वर्षांनी त्यांची आई गेली. तेराव्यानंतर ते ऑफिसात आले ते राजीनामा घेऊनच. मी विचारलं, आता काय करणार? "बघून सांगतो," म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून ते ऐकलं.

त्यांनी हिराबाईंच्या शेजारची एक खोली भाड्याने घेतली आणि सबंध हिवाळा तिथे राहिले. पहाटे उठून पट्ट्या बघायच्या, पुन्हा दुपारी, पुन्हा रात्री. कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यातून दुसरा नकाशा झाला. तो त्यांनी शेठजींकडे पाठवला, सोबतचं इंग्रजी पत्र माझं. पोच आली, आभार मानलेले होते, आणखी काही नव्हतं.

मग बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एक दिवस कुडतरकर दारात उभे. केस पांढरे, पायात तेच कॅनव्हासचे बूट. "बाई, चला. तुम्ही दुसऱ्या नकाशाचं पत्र टाइप केलंत, पण ते मैदान बघितलं नाहीत. मुक्कामाच्या तयारीने या." तुमचे आजोबा म्हणाले, "जाऊन ये. नाहीतर महिनाभर घरात येरझाऱ्या घालशील." मी गेले.

हिराबाईंकडे रात्र काढली. उजाडायच्या आत आम्ही टेकडीवर होतो. जमीन आता चुना मारलेल्या दगडांनी चौकोन चौकोन केलेली होती, दगडांवर प्लॉटचे नंबर. त्या दगडांमधून कुडतरकर मला अठरा होल फिरवून दाखवत होते. चेंडू नाही, काठी नाही. इथे उभं राहायचं, तिकडे मारायचं, सकाळी वारा असा ढकलेल, दुपारी तसा. या नकाशात खड्डे दोन्ही बाजूंना होते, पण समुद्राच्या अंगाला लहान. "सकाळचा वारा अशक्त असतो, बाई. त्याला मोठा खड्डा दिला तर अन्याय होतो." चौदाव्या होलला मध्ये हिराबाईंच्या बोंबलांची जागा होती, ती तशीच. "इथे चेंडू वरून न्यायचा. खाली पडला तर हिराबाई देणार नाही. हा नियम तुमच्या पुस्तकात नव्हता."

सोळाव्याशी कुठेतरी मी त्यांना ते सांगितलं, जे इतकी वर्षं मनात डाचत होतं. कर्नलच्या अगदी सुरुवातीच्या एका पत्रात एक ओळ होती, की पहाटेच्या खेळासारखं सुख नाही. मला ते शिष्टाचाराचं वाक्य वाटलं. मराठी करताना मी ते गाळलं होतं.

कुडतरकर थांबले. मला वाटलं, आता हा माणूस मला काय बोलेल?

"तुम्ही सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तरी मी रविवारीच आलो असतो, बाई. अकरा वाजता." आणि पुढे चालू लागले.

दुपारी मी परत निघायच्या बेतात होते, तेव्हा एक नवराबायको आले. डोंबिवलीचेच, प्लॉट बघायला. चाळिशीची माणसं, हातात पाण्याची बाटली, त्याच्या हातात घराचा छापील नकाशा. वाऱ्याने बाईचा पदर आवरत नव्हता.

"काय मस्त हवा आहे हो इथे!" तो कुडतरकरांना म्हणाला. "तुम्ही इथलेच का?"

"कधी आलात?"

"आत्ता, बारा वाजता. चारच्या एसटीने परत."

"मग हा वारा अर्धाच आहे," कुडतरकर म्हणाले. "घर कुठल्या तोंडाचं करणार?"

त्याने कागद दाखवला. झोपायची खोली समुद्राकडे, मोठी खिडकी. कुडतरकरांनी कागद बघितला, परत दिला. "रात्री वारा मागून येतो, जमिनीवरून. ही खोली उकडेल. आजची रात्र राहा. कोळीवाड्यात सोय होते. सकाळी बघा, मग बांधा."

"उद्या ऑफिस आहे हो," तो घड्याळ बघत म्हणाला.

"अहो, एक दिवस," बायको म्हणाली. "जन्मभर राहायचंय ना इथे?"

तो काहीतरी पुटपुटला. तोवर कुडतरकरांनी एक काटकी उचलली होती आणि ते चुन्याच्या दगडांच्या मध्ये वाळूत रेघा ओढू लागले होते. ही पुढची भिंत, ही मागची. इथे खिडकी, इथे समोरासमोर दुसरी. भराभर, वाकून, मागे सरकत. मी त्यांना हाक मारून निरोप घेणार होते, पण मारली नाही.

वाटेच्या वळणावरून मागे बघितलं. कुडतरकर उंबऱ्याची रेघ ओढून बाजूला झाले होते. ती बाई क्षणभर त्या रेघेपाशी थांबली, पायातल्या चपला काढून तिने बाहेर जोडून ठेवल्या, आणि पदर सावरत घरात गेली.